सात बावन्नची लोकल आणि पहाटे तीनची जाग

(लेखमाला : निजेची गोष्ट – भाग ७)

गेल्या आठवड्याचा घोरण्यावरचा भाग छापून आला आणि डोंबिवलीहून एका वाचकांचा फोन आला. त्यांची तक्रार घोरण्याची नव्हती. "मॅडम, घोरायला आधी झोप लागायला हवी ना," म्हणाले. हे गृहस्थ फोर्टातल्या एका खासगी कंपनीत हिशेब पाहायचे. तीसेक वर्षं सात बावन्नची फास्ट, ठरलेला डबा, ठरलेला ग्रुप. शेवटची गाडी पकडली ती २० मार्च २०२० च्या शुक्रवारी. मग घरूनच काम आणि घरूनच निवृत्ती. निरोपसमारंभसुद्धा लॅपटॉपच्या पडद्यावर झाला. तेव्हापासून पहाटे तीनच्या सुमाराला जाग येते ती येतेच. "साथ गेली, मास्क गेले, सॅनिटायझरच्या बाटल्या माळ्यावर गेल्या. ही जागच तेवढी जात नाही. बरं, भीती वाटते म्हणावं, तर तीही आता नाही."

त्यांच्या या शेवटच्या वाक्यापाशी मी अडले. कोविडच्या काळात झोप का उडाली असं विचारलं की सगळे भीतीकडे बोट दाखवतात. भीती होतीच, तिच्याकडे येऊ. पण भीती नीट घरात शिरायच्या आधीच आपलं घड्याळ बिघडलं होतं.

दुसऱ्या भागात आपण मेंदूतलं घड्याळ पाहिलं होतं. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे वर बसलेला सुमारे २०,००० पेशींचा पुंजका. हे घड्याळ जात्याच थोडं संथ आहे. पूर्वी लोक आकाशवाणीच्या बातम्यांवर हातातलं घड्याळ लावून घ्यायचे, तसं हेही रोज लावून घ्यावं लागतं. ज्याच्यावर लावून घ्यायचं त्याला युर्गन आशॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने 'झाइटगेबर' म्हटलं. शब्दशः अर्थ काळ देणारा. सगळ्यांत मोठा काळदाता सूर्य. त्याच्यामागून जेवणाच्या वेळा, कामाच्या वेळा, माणसांची ये-जा.

हे काळदाते काढून घेतले तर काय होतं, हे आशॉफने १९६० च्या दशकात करून पाहिलं. म्युनिकजवळच्या आंडेक्स इथे त्याने जमिनीखाली बंकर बांधून घेतला आणि त्यात माणसांना आठवडेच्या आठवडे ठेवलं. घड्याळ नाही, खिडकी नाही, बाहेरचा आवाज नाही. त्यांचा दिवस लांबत लांबत जवळजवळ २५ तासांचा झाला. काहींचं तर झोपणं-उठणं एका चालीने आणि शरीराचं तापमान दुसऱ्याच चालीने, अशी फारकत झाली. पुढे १९९९ मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स झाइसलर यांनी अधिक काटेकोर प्रयोग करून दाखवलं, की माणसाच्या आतल्या घड्याळाचा दिवस सरासरी २४ तास ११ मिनिटांचा असतो. मग बंकरमध्ये २५ कसा भरला? कारण दिव्याचं बटण त्या माणसांच्याच हातात होतं. रात्री उशिरापर्यंत दिवा जळत राहायचा आणि तो दिवाच आतलं घड्याळ आणखी मागे ढकलायचा.

दिव्याचं बटण आपल्या हातात असलेला बंकर! २५ मार्च २०२० पासून आपण दुसरं काय जगत होतो?

मुंबईकराचा सूर्याखालोखालचा काळदाता म्हणजे लोकल. मी हे गमतीने म्हणत नाही. सात बावन्न गाठायची तर सव्वासहाला उठावं लागतं, सातला डबा भरलेला लागतो, साडेसातला माणूस रस्त्यावर असतो आणि उघड्या फलाटावर पाच-दहा मिनिटं तोंडावर ऊन घेत उभा राहतो. ट्यूबलाइटच्या खोलीत दोन-तीनशे लक्स उजेड असतो. बाहेर ढगाळ सकाळीही तो हजारांत मोजावा लागतो. तीस वर्षं या गृहस्थांचं घड्याळ रेल्वेने फुकट लावून दिलं. ते मार्च २०२० मध्ये थांबलं. लशीचे दोन डोस घेतलेल्या सर्वसामान्यांना लोकल पुन्हा खुली झाली १५ ऑगस्ट २०२१ ला, म्हणजे जवळजवळ १७ महिन्यांनी. तोवर पेपरवाला, कामाच्या मावशी, शाळेची व्हॅन, देवळातली काकडआरती असे बारकेसारके काळदातेही एकेक करून गळाले होते. वार कोणता हे मोबाइलमध्ये बघावं लागायचं, आठवतंय ना?

यातून सगळ्यांचंच वाईट झालं असं मात्र नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या ४३५ जणांना विचारलं. त्यांची झोप सरासरी १३ मिनिटांनी वाढली होती. सोमवार ते शुक्रवार एक वेळ आणि सुट्टीला दुसरी, ही ओढाताणही कमी झाली होती. गजराशिवाय उठायला मिळणं ही चैनच. तरीही त्याच लोकांनी झोपेचा दर्जा घसरल्याचं सांगितलं. झोप लांबली आणि विरळ झाली; दुधात पाणी घातल्यावर दुधाचं होतं तसं. भारतात ९५८ जणांच्या अशाच एका पाहणीत झोपायची नि उठायची वेळ पुढे सरकलेली, रात्रीची झोप घटलेली आणि दुपारची वाढलेली दिसली. ही दुपारची झोप लक्षात ठेवा, डोंबिवलीचं कोडं तिथेच सुटणार आहे.

एक गोष्ट अशा ऑनलाइन पाहण्यांच्या हाती लागत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसं राहतात, ती सगळी एका वेळी झोपतात म्हणून नव्हे. रात्रपाळीचा सकाळी येऊन आडवा होतो, पोरं गॅलरीत पथारी टाकतात, म्हातारा जिन्याखाली जाऊन पडतो. कोणीतरी बाहेर असणं हा त्या घरातल्या झोपेचा पाया. लॉकडाऊनने सगळ्यांना एकदम आत आणलं. तिथे सरासरी किती मिनिटं वाढली नि किती घटली, हे विचारायला कोणी गेलं असेल असं मला वाटत नाही.

आता भीती. ती खरी उतरली दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये. माझ्या आईला घरीच ठेवलं होतं. रात्री दर दोन तासांनी गजर लावून मी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचे. ९६. ९५. मग एकदा ९३, आणि बोट गार पडलंय म्हणून आकडा चुकला, हे कळेपर्यंतची ती पाच मिनिटं. आई बरी झाली. गजर बंद केल्यावरही पुढे कित्येक आठवडे मी त्याच वेळांना टक्क जागी होत होते. शरीर पहारा शिकतं आणि पहारा उठल्याची बातमी त्याला उशिरा पोचते.

झोप आणि मन यांचं नातं दोन्ही बाजूंनी चालतं. मनात काळजी असली की झोप लागत नाही, हे आजीलाही ठाऊक होतं. उलटी बाजू प्रयोगशाळेत दिसली. २००७ मध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी रात्रभर जागलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली, तेव्हा मेंदूतलं भीतीचं केंद्र, म्हणजे अमिग्डाला, झोपून आलेल्यांपेक्षा ६० टक्क्यांहून अधिक पेटलेलं आढळलं. २१ अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की नैराश्य नसलेल्या पण निद्रानाश असलेल्या माणसाला पुढे नैराश्य येण्याची शक्यता दुपटीची असते. तेव्हा 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासाने २०२० या एका वर्षात जगभर नैराश्याचे ५.३ कोटी आणि चिंताविकाराचे ७.६ कोटी जादा रुग्ण असल्याचा अंदाज मांडला, त्यातल्या किती जणांची आधी झोप गेली आणि किती जणांचं आधी मन खचलं, हे वेगळं काढणं अवघड आहे. जादा भार स्त्रिया आणि तरुण मुलांवर होता, एवढं त्या अभ्यासात स्वच्छ दिसतं.

आकड्यांत न मावणारी एक गोष्ट सांगते. आपल्याकडे घरात मयत झालं की कोणीतरी सोबतीला झोपायला येतं. मावशी, शेजारच्या काकू, नाहीतर गावाकडचा कोणी चुलता. तेराव्यापर्यंत त्या घरात रात्री एकटं कोणी नसतं. सोबतीला आलेलं माणूस फार बोलत नाही. नुसतं शेजारी अंथरूण घालतं, मध्यरात्री हुंदका ऐकू आला तर उठून पाणी देतं. मानसोपचाराची भाषा जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचा हा इलाज. कोविडमध्ये माणूस प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर नेलं गेलं आणि घरावर फलक लागला. सोबतीला कोण येणार? त्या घरांतल्या रात्रींचं काय झालं, हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत कमी बोलला गेलेला भाग आहे.

विषाणू स्वतः झोप बिघडवतो का? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी कोविड होऊन गेलेल्या २,३६,३७९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. सहा महिन्यांत त्यांच्यापैकी सुमारे ३४ टक्क्यांना मेंदूच्या किंवा मनाच्या एखाद्या आजाराचं निदान झालेलं होतं. त्यात आयसीयूतला अखंड उजेड आला, डेक्सामेथासोनसारखी झोप उडवणारी स्टेरॉइड आली. मेंदूतल्या झोपेच्या जागेचा पहिला पत्तासुद्धा एका साथीनेच दिला होता. १९१७ मध्ये व्हिएन्नात कॉन्स्टान्टिन फॉन इकोनोमो या डॉक्टरकडे विचित्र रुग्ण येऊ लागले. काही आठवडेच्या आठवडे झोपून राहायचे, काहींना झोपच लागत नव्हती. दगावलेल्यांचे मेंदू तपासल्यावर त्याला दिसलं, की हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागाला इजा झालेले झोपाळू होते आणि पुढच्या भागाला झालेले निद्राहीन. लगोलग आलेल्या १९१८ च्या फ्लूशी या आजाराचा संबंध असावा असं पुष्कळांना वाटलं. तो सिद्ध झाला नाही.

आता डोंबिवली. आमच्या वाचकांना कोविड झालेला नव्हता, घरात कोणी गेलं नव्हतं. मी त्यांना झोपेच्या वेळा विचारल्या. "पुरेशी झोप होत नाही म्हणून लवकर पडतो. साडेनऊला." उठता कधी? "सातपर्यंत पडून असतो. निवृत्त माणूस, कुठे जायचंय?" आणि दुपारी? "ती सवय लॉकडाऊनमध्ये लागली. तासभर. कधी दीड."

आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये जुनाट निद्रानाशाचं एक साधं गणित मांडलं. काही माणसं मुळात हलक्या झोपेची असतात, ही झाली सुकी काटकी. मग आजारपण, मृत्यू, लॉकडाऊन असं काहीतरी घडतं, ही ठिणगी. ठिणगी विझल्यावरही आग चालू राहते, कारण झोप भरून काढायला माणूस जे उपाय करतो तेच तिचं सरपण होतं. लवकर पडणं, उशिरा उठणं, दुपारी डुलकी काढणं, जाग आली की अंथरुणातच घड्याळ बघत तळमळणं.

तिसऱ्या भागातलं अडेनोसिन आठवा. जागेपणी साठत जाणारं आणि झोपेत उतरणारं ते रसायन म्हणजे झोपेची भूक. दुपारी तास-दीड तास झोपून यांची बरीचशी भूक तिथेच मरते. साडेनऊला पडतात, दहाला झोप लागते. पाच तासांत उरलीसुरली भूक भागते, तेव्हा घड्याळात वाजलेले असतात तीन. साडेनऊ ते सात म्हणजे साडेनऊ तासांचं अंथरूण, आणि नंतर पहाटे लागणारा तासभराचा डोळा धरूनही झोप आहे सहा तासांची. उरलेले साडेतीन तास कुठेतरी दिसणारच. ते तीनला दिसतात.

म्हणून यावरचा पहिला उपाय गोळी नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच सांगितलं आहे, की प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार बोधात्मक वर्तनोपचाराचा. त्यातलं मुख्य औषध ऐकून लोक चिडतात : अंथरुणातले तास कमी करायचे. सहा तास झोप लागते ना? मग साडेसहा तासच अंथरुणात. उठण्याची वेळ पक्की, रविवारीसुद्धा. झोप सलग लागू लागली की हळूहळू पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची. मध्ये जाग आली आणि पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. सकाळी उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात. पहिले आठ-दहा दिवस वाईट जातात, हे आधीच सांगते. ज्यांना फिट्स येतात, द्विध्रुवी विकार आहे किंवा ज्यांचं काम वाहन चालवण्याचं आहे, त्यांनी हे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये.

पहाटेच्या जागेबरोबर दिवसभर कशातच मन लागत नसेल, भूक गेली असेल, जगण्याचा कंटाळा आला असेल, तर मात्र वेळापत्रकाशी खेळत बसू नका. थेट मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

पुढच्या भागात झोपेची वही कशी वाचायची ते पाहू. तोवर ती लिहायला घ्या. रोज सकाळी चारच नोंदी : पाठ कधी टेकली, झोप साधारण कधी लागली, मध्ये किती वेळ जागे होतात, अंथरूण कधी सोडलं. रात्री घड्याळ बघायचं नाही, सकाळी अंदाजाने लिहायचं. डोंबिवलीच्या काकांनी परवापासून सुरू केलं आहे.