निकेल, हायड्रोजन आणि राखेचा प्रश्न

अकोल्याहून शेगावकडे जाणाऱ्या गाडीतून पारसच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठला २७० मेगावॉटचे पाच. आणि याच शिवारातला शेतकरी हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच्या लाइनची वाट बघत बसतो. त्यामुळे चिमूटभर निकेलची पूड आणि थोडा हायड्रोजन यांतून वर्षभराची वीज मिळेल असं कोणी म्हटलं, तर वऱ्हाडात ते लक्ष देऊन ऐकलं जाणारच. असं म्हणणारे गेली तीस-पस्तीस वर्षं जगभर आहेत. त्यांच्या म्हणण्याची गंभीर तपासणी फार थोड्या ठिकाणी झाली, आणि त्यातलं एक ठिकाण आपल्याच राज्यात आहे: ट्रॉम्बे.

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेत युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. जड पाण्यात पॅलेडियमची कांडी बुडवून विजेचा प्रवाह सोडला, तर रासायनिक क्रियेने समजावता येणार नाही इतकी उष्णता निघते, आणि ती ड्यूटेरियमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या, अणुकेंद्रांच्या संमीलनाची आहे, असा त्यांचा दावा होता. सूर्याच्या पोटात कोट्यवधी अंशांवर घडणारी गोष्ट टेबलावरच्या काचपात्रात! शीतसंमीलन हे नाव तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी झालं.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक तेव्हा डॉ. पी. के. अय्यंगार होते. दहाहून अधिक विभागांतले पन्नासेक शास्त्रज्ञ हा दावा तपासण्याच्या कामाला लागले. न्यूट्रॉन भौतिकी विभागाचे डॉ. महादेव श्रीनिवासन यांच्याकडे त्याची मुख्य धुरा होती. ट्रॉम्बेला एक मोठी सोय होती. जड पाणी हाताशी होतं आणि न्यूट्रॉन व ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) मोजणारी मुरलेली माणसंही होती. हायड्रोजन तयार करण्यासाठी बाजारात मिळणारं एक विद्युत्‌विघटन यंत्र त्यांनी घेतलं. त्यात पॅलेडियम-चांदीच्या मिश्रधातूच्या नळ्या होत्या. साध्या पाण्याऐवजी जड पाणी भरलं आणि २१ एप्रिल १९८९ रोजी, म्हणजे युटाच्या घोषणेनंतर महिनाभरात, त्यांना न्यूट्रॉनचे झोत नोंदवता आले. पुढे त्या द्रावणात ट्रिटियम हजारो पटींनी वाढलेलं आढळलं. टायटॅनियमच्या चकत्यांना नुसता ड्यूटेरियम वायू पाजून त्या क्ष-किरणांच्या फिल्मवर ठेवल्या, तर काही चकत्यांनी फिल्मवर ठिपके उमटवले. त्या वर्षअखेर हे सगळं ‘बीएआरसी-१५००’ या अहवालात एकत्र छापलं गेलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण खरी अडचण इथेच आहे. कोळसा जाळला की राख उरते, आणि अणुकेंद्रांच्या जळण्यालाही राख असते. दोन ड्यूटेरियम एकत्र आले तर साधारण निम्म्या वेळा ट्रिटियम आणि प्रोटॉन मिळतात, निम्म्या वेळा हेलियम-३ आणि न्यूट्रॉन. याचा हिशेब कोणालाही कागदावर करता येतो: या मार्गाने एक वॉट उष्णता मिळवायची तर दर सेकंदाला ८० हजार कोटींहून अधिक न्यूट्रॉन बाहेर पडतील. खोलीतल्या माणसाच्या जिवावर बेतेल इतका तो मारा आहे. युटात कोणालाच काही झालं नाही. ट्रॉम्बेत जे मोजलं गेलं त्यात एका न्यूट्रॉनमागे ट्रिटियमचे अणू कोटीच्या घरात होते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हे प्रमाण एकास एक आहे. म्हणजे एक तर निसर्गाचा एखादा अनोळखी मार्ग हाती लागला होता, किंवा ट्रिटियम दुसरीकडून आलं होतं. ट्रिटियम अणुभट्ट्यांतही तयार होतं, त्यामुळे ध्रुव आणि सायरससारख्या अणुभट्ट्या असलेल्या आवारात दुसरी शंका घेणं भागच होतं. अय्यंगार-श्रीनिवासन यांनी मूळ जड पाण्याचं मोजमाप दाखवून तिला उत्तर दिलं. ते उत्तर मला प्रामाणिक वाटतं. पण जगभरच्या प्रयोगशाळांना तोच प्रयोग हुकमी करता आला नाही, आणि विज्ञानात याला पर्याय नाही. १९९० मध्ये अय्यंगार अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि ट्रॉम्बेतलं हे काम हळूहळू ओसरलं.

निकेल आलं ते त्यानंतर. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या रँडेल मिल्स यांनी पॅलेडियमऐवजी निकेल आणि जड पाण्याऐवजी साधं पाणी वापरूनही जादा उष्णता मिळते असं सांगितलं. निकेल स्वस्त आणि पाणी नळाचं, त्यामुळे कोणालाही हा प्रयोग करावासा वाटला. श्रीनिवासन यांच्या गटानेही निकेलची पात्रं लावली आणि १९९२ मध्ये जपानच्या नागोया परिषदेत जादा उष्णता व ट्रिटियम दोन्ही दिसल्याचं मांडलं.

या प्रयोगातला चकवा समजून घेण्याजोगा आहे. पाण्यातून वीज गेली की काही ऊर्जा पाणी फोडण्यात जाते आणि हायड्रोजन-ऑक्सिजनच्या रूपाने पात्राबाहेर निघून जाते. तिचा हिशेब म्हणून एकूण व्होल्टेजमधून १.४८ व्होल्ट वजा करतात. समजा ३ व्होल्ट आणि ०.१ अँपिअर दिले. एकूण शक्ती ०.३ वॉट. वजाबाकीनंतर उष्णता ०.१५२ वॉट दिसायला हवी. प्रत्यक्षात ०.२१ वॉट दिसली, तर प्रयोग करणारा ३८ टक्के जादा उष्णता मिळाली म्हणून हरखून जाईल. पण दोन्ही वायूंपैकी काही भाग पात्रातच पुन्हा एकत्र येऊन त्याचं पाणी झालं असेल, तर ती उष्णता त्याचीच. दिलेल्या ०.३ वॉटच्या वर आपण गेलेलोच नाही. ध्वनियंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या बोस कंपनीच्या संशोधकांनी बाहेर पडणारा वायू नीट मोजला आणि १९९५ मध्ये हेच दाखवून दिलं. वायू हिशेबात धरल्यावर जादा उष्णता उरली नाही.

दुसरी वाट इटलीची. १९९४ मध्ये फोकार्डी, हाबेल आणि पियांतेल्ली यांनी तापवलेल्या निकेलच्या दांड्यावर हायड्रोजन वायू सोडून उष्णता मिळाल्याचं लिहिलं. त्याच धाग्यावर आंद्रेआ रॉसी यांनी जानेवारी २०११ मध्ये बोलोन्यात ‘ई-कॅट’ हे यंत्र दाखवलं. निकेलचं तांबं होतं आणि त्यातून ऊर्जा मिळते, असं सांगितलं गेलं. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी वापरलेल्या पुडीचा नमुना तपासला. त्यात तांबं होतं, पण त्याच्या समस्थानिकांचं प्रमाण खाणीतून निघणाऱ्या तांब्यासारखंच होतं. निकेलपासून नव्याने बनलेल्या तांब्यात ते तसंच जुळून येईल, हे पटण्याजोगं नाही. पुढे फ्लोरिडात एक मेगावॉटचं म्हणून मांडलेलं यंत्र वर्षभर चाललं. निकेल-६२ आणि प्रोटॉन मिळून तांबं-६३ बनतं ही अभिक्रिया धरली, तर एवढ्या उष्णतेमागे तीन किलोहून अधिक तांबं सापडायला हवं. त्या यंत्राचा शेवट मात्र कोर्टात झाला. रॉसी यांनी ८.९ कोटी डॉलरसाठी ‘इंडस्ट्रियल हीट’ या कंपनीवर दावा लावला, आणि २०१७ मध्ये तो आपसात मिटला. राख कोणी पाहिली नाही.

म्हणून सगळं खोटं म्हणून फाइल बंद करायची का? माझं मत तसं नाही. गूगलच्या पैशावर तीसेक शास्त्रज्ञांनी केलेल्या कामाचा लेख मे २०१९ मध्ये ‘नेचर’ने छापला. शीतसंमीलनाचा पुरावा मिळाला नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. पण धातूत हायड्रोजन ठासून भरण्याचं शास्त्र आपल्याला अजून नीट येत नाही, हेही त्याच लेखात आहे. २०२३ मध्ये अमेरिकी सरकारच्या ऊर्जा संस्थेने अशा आठ प्रकल्पांना एक कोटी डॉलर दिले. २०२५ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने पॅलेडियममध्ये विजेने ड्यूटेरियम भरून, त्यावर ड्यूटेरियमचा मारा करत, संमीलनाचा वेग सरासरी १५ टक्के वाढल्याचं न्यूट्रॉन मोजून सिद्ध केलं. मिळालेली ऊर्जा दिलेल्या ऊर्जेच्या पासंगालाही पुरत नाही, हे त्यांनीच सांगितलं. मला या क्षेत्रातलं सर्वांत आश्वासक काम हेच वाटतं, कारण त्यांनी आधी राख मोजली आणि मग तोंड उघडलं.

भारतात २०११ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद चेन्नईला झाली, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘करंट सायन्स’ने श्रीनिवासन यांच्या सहसंपादनाखाली त्यावर खास विभाग काढला. म्हणजे दार पूर्ण बंद झालेलं नाही.

अमरावती-अकोल्याच्या वाचकाला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. निकेल-हायड्रोजनच्या यंत्रात पैसे गुंतवा असं कोणी म्हणालं, तर वीजमीटर बघू नका, राखेचा अहवाल मागा, आणि तो तिसऱ्याच प्रयोगशाळेचा हवा. आणि निकेलची पूड व हायड्रोजन घरी तापवण्याच्या फंदात मुळीच पडू नका. २ जानेवारी १९९२ रोजी कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत शीतसंमीलनाच्याच एका पात्राच्या स्फोटात अँड्र्यू रायली हे शास्त्रज्ञ ठार झाले. ती सगळी मंडळी या कामात मुरलेली होती.

भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आपल्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना मात्र विनंती आहे. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, देखरेखीखाली, साध्या पाण्याची दोन पात्रं शेजारी लावा. एकात निकेलचा ऋणाग्र, दुसऱ्यात प्लॅटिनमचा. प्रवाह सारखा ठेवा, वायू हवेशीर जागी गोळा करून त्याचं आकारमान मोजा, तापमान सहा महिने नोंदवा. जादा उष्णता निघाली नाही तरी आकडे जसेच्या तसे छापा. ट्रॉम्बेच्या अहवालासारखे.