महाविद्यालयीन प्रवेश आणि मुलाखतीचे गुण

मोजक्या जागांच्या महाविद्यालयात प्रवेश देताना मुलाखतीस किती महत्त्व असावे, हा प्रश्न श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९७९-८० च्या प्रवेशासाठी तेथे लेखी परीक्षेस १०० व मुलाखतीस ५० गुण होते. म्हणजे एकूण गुणांचा तिसरा हिस्सा तोंडी उत्तरांवर अवलंबून! अर्जदारांचे म्हणणे असे की, मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपे आणि प्रश्न असत ते आईवडील कोण, राहणार कोठले, असे. न्यायालयाने हे म्हणणे ग्राह्य धरले. विषयज्ञानाची पारख अशा प्रश्नांनी कशी व्हावी? खेड्यातून येऊन अनोळखी अधिकाऱ्यांसमोर प्रथमच बसणाऱ्या मुलास तर दोन मिनिटांत धीर येणेही कठीण.

अजय हसिया खटल्यात सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर १९८० मध्ये निर्णय दिला. निकालपत्र न्या. भगवती यांचे आहे. मुलाखत सर्वस्वी त्याज्य नाही, परंतु ती पूरक कसोटी असावी; प्रवेशासाठी तिला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे होय, असे त्यात म्हटले आहे. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करावे, ही त्यातील सूचना विशेष मोलाची. उत्तरपत्रिका पुन्हा तपासता येते. बोललेले शब्द मात्र हवेत विरतात.

बराच काळ लोटल्याने झालेले प्रवेश रद्द करण्यात आले नाहीत. मात्र डावलल्या गेलेल्यांपैकी ५० गुणवान विद्यार्थ्यांना पुढील वर्षी नेहमीच्या जागांव्यतिरिक्त प्रवेश देण्याचे मान्य करण्यात आले.