खर्डा

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी विचारलं होतं, की लेख आधी सुचतो आणि मग लिहिला जातो, की लिहिता लिहिताच सुचतो? प्रश्न साधा वाटतो, पण तो कार्यकारणाचा आहे, म्हणजे आमच्याच धंद्यातला.

अकराव्या शतकात काश्मिरात मम्मट झाला. 'काव्यप्रकाशा'त त्याने काव्य निर्माण व्हायला तीन गोष्टी लागतात असं म्हटलं आहे: जन्मजात शक्ती, जग आणि ग्रंथ पाहून आलेली निपुणता, आणि जाणत्याच्या हाताखाली केलेला अभ्यास. गंमत अशी की 'हेतू' हा शब्द त्याने एकवचनात ठेवला. ही तीन कारणं नव्हेत. तिन्ही मिळून एक कारण. वर्गात आम्ही हे फळ्यावर लिहून दाखवत असू. पण निवृत्तीनंतर स्वतः एक छोटा लेख लिहायला बसलो, तेव्हा आमची फजिती झाली.

विषय ठरवला होता 'मौन'. पुष्कळ वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने तर्कशास्त्राच्या पेपरात तीन तास बसून कोरी उत्तरपत्रिका दिली होती. प्रश्नक्रमांक तेवढा घातलेला, पुढे काही नाही. तिथून सुरुवात करायची आणि उपनिषदं, बुद्धाचं मौन, विट्‌गेन्श्टाइन असं वर चढत जायचं, हा बेत. खर्डा झाला दोन हजार शब्दांचा. घरात वाचून दाखवला. सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकला आणि एवढंच म्हणाल्या, "बरं, पण त्या मुलाचं पुढे काय झालं?"

आम्हाला माहीत नव्हतं. खर्डा खणात गेला.

ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंताने १९२६ सालच्या 'द आर्ट ऑफ थॉट' या पुस्तकात नवनिर्मितीचे चार टप्पे मांडले: तयारी, उबवण, प्रकाश पडणं आणि पडताळा. यातला उबवणीचा टप्पा लोकांना फार आवडतो, कारण त्यात काही करावं लागत नाही! पाँकारे या फ्रेंच गणितज्ञाचं उदाहरण मग हटकून येतं. सहलीला निघाला होता, घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि कोडं उलगडलं. खरं आहे, त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. पण त्याआधी पंधरा दिवस तो रोज टेबलाशी बसून झटत होता, हेही त्यानेच लिहिलंय. आधी अंडं घालावं लागतं, मग उबवण.

आमचं अंडं म्हणजे तो फसलेला खर्डा. महिन्याभराने तो काढला आणि नुसती काटाकाट सुरू केली. बुद्ध गेला, विट्‌गेन्श्टाइन गेला. उपनिषदाचा परिच्छेद आम्हाला फार आवडत होता, म्हणून तो दोन दिवस टिकला. उरला तो मुलगा, पंखा, आणि उत्तरपत्रिका गोळा करणारे आम्ही. ते लिहीत असताना हातून एक वाक्य उतरलं: आम्ही त्याला काही विचारलं नाही. लिहून झाल्यावर आम्हीच थांबलो. मौन पाळलं होतं ते आम्ही. इतकी वर्षं ही गोष्ट आम्ही त्या मुलाची म्हणून सांगत आलो होतो.

आता हे वाक्य कुठून आलं? 'आधी सुचलं' म्हणावं, तर खर्ड्याआधी ते डोक्यात नव्हतं. 'लिहिताना सुचलं' म्हणावं, तर ती गोष्ट खरी होती, आत कुठेतरी पडून होती. सौभाग्यवतींचा प्रश्न, महिन्याची अडगळ, काटाकाट, यातलं एकही वगळलं असतं तर ते आलं नसतं. मम्मटाचं एकवचन आम्हाला तेव्हा कळलं. (हेतू एक, पण तो जुळायला निम्मं आयुष्य!)

माँतेन्यने १५८० साली आपले निबंध छापले, त्यांना 'एसे' म्हणजे 'प्रयत्न' असं नाव दिलं, आणि पुढे मरेपर्यंत छापील प्रतीच्या समासांत भर घालत राहिला. आमचं उलट झालं. दोन हजारांचे सहाशे शब्द झाले. त्यांतही एक जागा अजून खटकते. त्या मुलाचं नाव घालायचं, की नाही? आम्हाला ते आठवतं. सध्या तिथे रिकामी जागा सोडली आहे, आणि लेख अजून कुणाला दिलेला नाही. असो. आता तुमचे प्रश्न घेऊ.