एका कपाटात दोन लिप्या

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किराणा, दूध, गॅस, शाळेची फी असा हिशेब घरोघरी मांडला जातो. त्या यादीत 'पुस्तक' हा शब्द किती घरांत असतो? वाढदिवसाला केक येतो, दसऱ्याला कपडे येतात. पुस्तक मात्र 'पुढच्या महिन्यात बघू' या खात्यावर जाते. तरीही ज्याने एकदा स्वतः निवडून, स्वतःच्या पैशाने नवे पुस्तक घरी आणले, त्याला त्यातले सुख वेगळे सांगावे लागत नाही. मलपृष्ठ वाचायचे, मधलेच पान उघडून दोन परिच्छेद चाखायचे, किंमत पाहून परत ठेवायचे आणि निघता निघता पुन्हा त्याच कपाटाकडे वळायचे! घरी आल्यावर पहिल्या पानावर नाव, गाव, तारीख घालायची, की ते पुस्तक आपले झाले.

वाचनालयाचे ऋण आहेच. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. त्याने आपल्या कित्येक पिढ्यांना वाचते केले. पण वाचनालयातले पुस्तक पाहुण्यासारखे असते, त्याच्या परतीची तारीख ठरलेली. विकत घेतलेले पुस्तक घरचे माणूस होते. आज नाही वाचले, तरी दहा वर्षांनी घरातले कुणीतरी ते हाती घेते.

सीमाभागातल्या घरांना या खरेदीत आणखी एक गोडी आहे. आज्जीचे सारे वाचन मराठी. ती बाजारात, शेजारी कन्नड सहज बोलते, पण अक्षरे लागत नाहीत. सूनबाई धारवाडकडची. हिंदीमुळे तिला देवनागरी वाचता येते, पण मराठी कादंबरी सलग वाचताना दमछाक होते. अशा घरात एकच पुस्तक दोन्ही भाषांत आणून पाहावे. एस. एल. भैरप्पांची 'वंशवृक्ष' कन्नडमध्ये १९६५ साली आली. उमा कुलकर्णींनी ती मराठीत आणली आणि त्या अनुवादाला १९८९ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विधवा कात्यायनी पुनर्विवाह करते आणि मुलगा मात्र सासऱ्यांच्या घरी राहतो. तिचे बरोबर की चूक? सासू-सुनेने आपापल्या भाषेत हे वाचले, की स्वयंपाकघरात जी चर्चा रंगते, ती टीव्हीवरच्या मालिकेने रंगत नाही. एरवी ज्या विषयाला दोघी हात लावणार नाहीत, तो कात्यायनीच्या आडून बोलला जातो.

उमाताईंचा जन्म बेळगावचा. पती विरूपाक्षांनी कन्नड पुस्तक वाचून दाखवायचे आणि उमाताईंनी ते ऐकून मराठीत उतरवायचे, अशी या दांपत्याची रीत. विरूपाक्षांनीही मराठी साहित्य कन्नडमध्ये नेले. दोन भाषांचा संसार म्हणजे ओढाताणच, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

धारवाडला पाहुण्यांकडे गेलात, तर सुभाष रस्त्यावरच्या मनोहर ग्रंथमालेत डोकवावे. जी. बी. जोशींनी ती १९३३ साली सुरू केली. गिरीश कार्नाडांचे आत्मचरित्र मूळ कन्नडमध्ये तिनेच काढले. मराठीत ते उमाताईंच्याच अनुवादातून 'खेळता खेळता आयुष्य' या नावाने आले. ही जोडीही कपाटात शोभेल. आणि धारवाडचे बेंद्रे तर घरी मराठी बोलून कन्नडचे महाकवी झाले.

मुलांचे काय? ती इंग्रजी शाळेत जातात. मराठी आणि कन्नड दोन्ही कानावर पडतात, पण डोळ्यांखालून जात नाहीत. बोलता येणारी, पण सलग वाचता न येणारी भाषा एका पिढीत घरगुती कामापुरती उरते. 'अभ्यास कर' म्हणून ती टिकत नाही. मुलाला दुकानात नेऊन, 'तुला हवे ते एक घे, मी नको म्हणणार नाही,' असे सांगून पाहावे. त्याने चित्रांचे घेतले तर चित्रांचे, भुताचे घेतले तर भुताचे. निवड त्याची असली, की अडखळत का होईना, तो वाचतो.

हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलने भरतात. तिथे मांडवाशेजारी पुस्तकांची दुकानेही लागतात. भाषण ऐकून टाळ्या वाजवून परतण्याआधी तिथे अर्धा तास काढावा. घरात एक मराठी, एक कन्नड पुस्तक यावे. महिन्याला जमले नाही, तर सणाला तरी.