बिल जहाजाचे, हिशोब वाशिमचा!

मित्रांनो, शीर्षक वाचून हसू नका! वाशिम जिल्ह्यातल्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध तो काय? आपल्याकडे मोठं पाणी म्हटलं की एकबुर्जी धरण आठवतं, आणि जहाज म्हटलं की 'टायटॅनिक' सिनेमा. पण गेल्या काही वर्षांत चित्र बदललंय. निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, दुकानदार अशी आपल्याच आजूबाजूची मंडळी आयुष्यभराच्या बचतीतून युरोपच्या टूरला जाऊ लागली आहेत आणि अनेक पॅकेजमध्ये चार-सात दिवसांची क्रूझही असते. परत आल्यावर फोटो सगळ्यांना दाखवले जातात, बिल मात्र कपाटात जातं. हा लेख त्या कपाटातल्या बिलावर आहे.

माझे काका कारंजा तालुक्यातून शिक्षक म्हणून निवृत्त झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये काका-काकू ग्रीसच्या सात रात्रींच्या क्रूझवर जाऊन आले. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून निघायचं, मिकोनोस, तुर्कस्तानातलं कुशादासी, क्रीट, सांतोरिनी असं फिरून परत पिरेयसला यायचं. शेवटच्या दिवशी केबिनच्या दाराखाली जे बिल सरकवलं होतं, ते काकांनी माझ्यासमोर ठेवलं. "इंजिनिअर होऊन राह्यला ना तू, मंग सांग हे कायचे पैसे हायेत? सारा टॅक्सच टॅक्स लावला बाप्पा!"

खरंच सगळा टॅक्स होता का? चला, एकेक ओळ सोडवून पाहू.

आधी पट्टी वाचायला शिका

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे अवघड जाऊ नये. बाजार समितीत सोयाबीन विकलं की हिशोबपट्टी मिळते. वर एकूण रक्कम, खाली हमाली, तोलाई, आणि शेवटी हातात येणारे पैसे. पट्टी वाचताना आपले वडील काय पाहतात? कोणता पैसा कोणाच्या खिशात गेला ते. जहाजाचं बिलही तसंच वाचायचं. प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारायचे : हा पैसा कोणाचा? तो कोणत्या जागेमुळे लागला? आणि तो परत मिळू शकतो का?

काका-काकूंचं दोघांचं बिल असं होतं :

टिप (ग्रॅच्युइटी) : १६८ युरो
ग्रीसचं क्रूझ प्रवासी शुल्क : ९० युरो
चहा, कॉफी, सरबत, पाण्याच्या बाटल्या : ६० युरो
त्यावर सर्व्हिस चार्ज १५ टक्के : ९ युरो
वाय-फाय : ५० युरो
दुकानातली खरेदी : ४० युरो
एकूण : ४१७ युरो

हिशोबाला सोपं जावं म्हणून १ युरो म्हणजे १०० रुपये धरू. म्हणजे ४१,७०० रुपये. यातले १५० युरो काका-काकूंनी स्वतः खर्च केलेले. उरलेले २६७ युरो 'वरचे'. पण त्यातला सरकारचा पैसा फक्त ९० युरो! बाकी १७७ युरो जहाज कंपनीच्या नियमाने लागलेले. टॅक्स आणि चार्ज यांतला फरक तो हाच. एक कायद्याने लागतो, दुसरा कंपनीच्या दरपत्रकाने.

बंदराचा पैसा

जहाज बंदराला लागलं की जागेचं भाडं, वाटाड्या नौका, सुरक्षा, कचरा असे खर्च येतात. ते साधारणपणे तिकिटातच 'पोर्ट चार्जेस' म्हणून धरलेले असतात. जाहिरातीत दिसणारा मोठा आकडा त्यांच्यासकट आहे की त्यांच्याशिवाय, हे बुकिंगच्या वेळीच विचारलं पाहिजे.

याशिवाय अलीकडे काही गावांनी वेगळं प्रवासी शुल्क सुरू केलंय. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझच्या प्रत्येक प्रवाशावर शुल्क लावलं. जून ते सप्टेंबर या गर्दीच्या दिवसांत सांतोरिनी आणि मिकोनोसला माणशी २० युरो, इतर बंदरांना ५ युरो. गर्दी कमी तसा दर कमी. हिवाळ्यात हेच शुल्क अनुक्रमे ४ आणि १ युरोवर येतं. काका-काकूंची मिकोनोस, सांतोरिनी आणि क्रीट ही तीन ठिकाणं झाली. २० अधिक २० अधिक ५ म्हणजे ४५, आणि दोघांचे ९०. बरोबर जुळलं!

काकूंना हे अन्यायाचं वाटलं. पण विचार करा. सांतोरिनीची वस्ती सुमारे पंधरा हजार. तिथे उन्हाळ्यात एकेका दिवशी जहाजांतून हजारो माणसं उतरतात, संध्याकाळी निघून जातात. रामनवमीला आपल्या पोहरादेवीला जी गर्दी होते ती जर आठवड्यातून चार दिवस होऊ लागली, तर गावच्या पाण्याचं, रस्त्याचं, कचऱ्याचं काय होईल? जेवण-मुक्काम जहाजावर, त्यामुळे हॉटेलचा करही गावाला मिळत नाही. म्हणून हे शुल्क. २०२४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमने दिवसापुरत्या उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांसाठी माणशी १४ युरो आकारले. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी बाहेरून येणाऱ्यांना ५ युरोंचं प्रवेश शुल्क लावलं. म्हणजे त्याच शहराला वेगळ्या महिन्यात किंवा वेगळ्या वारी गेलात तर खर्च वेगळा. टूरची तारीख ठरवताना हे कोणी सांगत नाही.

व्हॅट : बाऊंड्री नीट आखा

थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्याच तासाला सर काय सांगतात? आधी सिस्टिमची बाऊंड्री आखा. बाऊंड्री चुकली की पुढचं सगळं गणित चुकतं. व्हॅटचंही तसंच आहे.

व्हॅट म्हणजे आपल्या जीएसटीचा युरोपातला भाऊ. दर देशागणिक वेगळा : जर्मनीत १९ टक्के, स्पेनमध्ये २१, इटलीत २२, ग्रीसमध्ये २४, हंगेरीत तर २७ टक्के. हे प्रमाण दर झाले. काही वस्तू-सेवांना कमी दरही असतो. मग चार देश फिरणाऱ्या जहाजावर कोणाचा दर लावायचा? युरोपियन युनियनचा नियम असा की, युनियनबाहेर न थांबता युनियनमधल्याच बंदरांमध्ये होणाऱ्या प्रवासात जहाजावर वस्तू विकली, तर ती विक्री प्रवास जिथून सुरू झाला तिथे झाली असं मानायचं. बार्सिलोनाहून निघून फ्रान्स, इटली करत परत बार्सिलोनाला आलात, तर दुकानातल्या वस्तूला नियम स्पेनचा. जहाजावर होणाऱ्या जेवणाखाण्याच्या सेवेलाही प्रवासाच्या सुरुवातीच्याच ठिकाणाचा नियम आहे. पण मध्ये युनियनबाहेर थांबा आला की चित्र बदलतं आणि दुकानाला करमुक्त विक्री करता येऊ शकते. काकांच्या प्रवासात कुशादासी होतं, आणि तुर्कस्तान युनियनमध्ये नाही. त्यांच्या दुकानाच्या पावतीवर व्हॅटची ओळच नव्हती, त्याचं कारण हे!

इथे आपल्या लोकांचा एक घोळ होतो. युरोपियन युनियन, शेंगेन आणि युरो या तीन वेगवेगळ्या बाऊंड्री आहेत. नॉर्वे शेंगेनमध्ये आहे, युनियनमध्ये नाही. आयर्लंड युनियनमध्ये आहे, शेंगेनमध्ये नाही. डेन्मार्क दोन्हींत आहे, पण नाणं क्रोन. आणि कमाल म्हणजे मॉन्टेनेग्रो दोन्हींत नाही, तरी व्यवहार युरोत! कर पाहायचा तर युनियनची बाऊंड्री, व्हिसा पाहायचा तर शेंगेनची, आणि पैसे बदलायचे तर नाण्याची. कुशादासीला जाऊन पुन्हा ग्रीसमध्ये शिरायचं होतं, म्हणून काका-काकूंना एकापेक्षा जास्त प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागला आणि तुर्कस्तानचं वेगळं पाहावं लागलं.

बंदरावर उतरून किनाऱ्यावरच्या दुकानात खरेदी केली तर व्हॅट लागतोच. मात्र युनियनबाहेर राहणाऱ्या प्रवाशाला, वस्तू सोबत घेऊन जाणार असेल तर तो परत मागता येतो. किमान खरेदीची अट देशागणिक वेगळी आहे. फ्रान्समध्ये १०० युरोंच्या वर, इटलीत २०२४ पासून ७० युरोंच्या वर. दुकानदाराकडून फॉर्म घ्यायचा आणि युनियनमधून शेवटचं बाहेर पडताना कस्टमची नोंद करून घ्यायची, तीही खरेदीपासून तीन महिन्यांच्या आत. हॉटेल आणि जेवणावरचा व्हॅट मात्र असा परत मिळत नाही.

टिप : टॅक्स नव्हे, पण...

१६८ युरो म्हणजे माणशी रात्रीला १२ युरो, सात रात्री, दोन माणसं. ही टिप आपोआप खात्यावर चढते. काही कंपन्या ती तिकिटातच धरतात, काही जहाजावर वसूल करतात. अनेक जहाजांवर काउंटरवर जाऊन ती कमी करून घेता येते. काकांना कोणीतरी हा सल्ला दिला होता. पण काकांची खोली आवरणारा पोरगा गोव्याचा निघाला. गोव्यातली कितीतरी मुलं अशा जहाजांवर महिनोन्‌महिने काम करतात. काका म्हणाले, "त्याच्या पोटावर पाय देऊन मले कोणता बंगला बांधाचा हाये?" माझंही मत तेच. हा पैसा वाचवायचा नसतो, आधीच बजेटमध्ये धरायचा असतो.

कार्डाची करामत

जहाजावर रोख चालत नाही, सगळं केबिनच्या कार्डावर. शेवटी ते आपल्या क्रेडिट कार्डवर येतं. आणि इथे आणखी एक थर चढतो. काकांच्या बँकेचं परकीय चलन शुल्क ३.५ टक्के होतं, त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३.५ गुणिले १.१८, बरोबर ४.१३ टक्के. ४१,७०० वर झाले सुमारे १,७२२ रुपये. हे जहाजाच्या बिलात दिसत नाहीत, महिन्याने बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसतात. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड नेलं तर हा खर्च बराच टाळता येतो. आणखी एक, किनाऱ्यावरच्या दुकानात मशीन विचारतं, "रुपयांत पैसे द्यायचे का?" आपुलकी वाटते, पण नाही म्हणा. तिथला दर दुकानाच्या बाजूने ठरतो आणि बहुधा महाग पडतो. ज्या देशात आहात त्याच देशाच्या चलनात द्या.

सर्वात मोठी ओळ घरातच होती

आता खरी गंमत. आम्ही जहाजाच्या ९० युरोंवर तासभर घासाघीस केली आणि त्यानंतर मी टूर एजन्सीची पावती मागितली. पॅकेज दोघांचं ६,००,००० रुपये. जीएसटी ५ टक्के, ३०,०००. मिळून ६,३०,००० आणि त्यावर टीसीएस ५ टक्के, ३१,५००. काकांनी विचारलं तेव्हा एजन्सीतल्या माणसाने "तो सरकारला गेला" इतकंच सांगितलं होतं. काकांनी समजून घेतलं की गेला म्हणजे गेलाच.

तसं नाही! टीसीएस हा वेगळा कर नाही, तो आपल्या नावावर आधीच जमा केलेला आयकर आहे. परदेशी टूर पॅकेजवर तो १ ऑक्टोबर २०२० पासून ५ टक्के सुरू झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून वर्षाला ७ लाखांच्या वरच्या रकमेला २० टक्के दर आला. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख झाली, आणि १ एप्रिल २०२६ पासून रक्कम कितीही असो, दर २ टक्के झाला. काकांनी पैसे जून-जुलै २०२५ मध्ये भरले, म्हणून त्यांना ५ टक्के.

आता त्यांच्या पेन्शनचं गणित. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत पेन्शनसारख्या नेहमीच्या उत्पन्नावर १२ लाखांपर्यंत रिबेटमुळे कर शून्य. काकांचं उत्पन्न त्याच्या बरंच खाली. म्हणजे त्यांचा देय कर शून्य आणि जमा ३१,५००. रिटर्न भरलं की पूर्ण रक्कम परत मागता येते. न भरल्यास ती मिळत नाही. काका तर म्हणत होते, "टॅक्सच नाही लागत, तं रिटर्न कायले भराचं?" आम्ही फॉर्म २६एएस काढून पाहिला. ३१,५०० ची नोंद काकांच्या पॅनवर होती. ही नोंद कोणाच्या पॅनवर आहे हे पाहणं महत्त्वाचं. काकूंच्या पॅनवर असती तर रिटर्न काकूंचं भरावं लागलं असतं.

विचार करा मित्रांनो, जहाजाच्या शुल्काचे ९,००० रुपये डोळ्यांत खुपले, आणि घरात पडलेल्या पावतीतले ३१,५०० कोणाच्या लक्षातही नव्हते. ज्या माणसाने तीस वर्षं पगारातून पै-पै बाजूला टाकली, त्याच्यासाठी ही रक्कम लहान नाही.

थोडक्यात काय?

घरातलं कोणी अशा टूरला निघालं असेल, तर एजन्सीला हे लेखी विचारा : पोर्ट चार्जेस धरले आहेत का? टिप धरली आहे का? कोणत्या बंदरांचं प्रवासी शुल्क जहाजावर भरावं लागेल? मार्गात युनियनबाहेरचं बंदर आहे का? टीसीएस कोणाच्या पॅनवर जाणार? या पाच प्रश्नांना पाच मिनिटं लागतात. परत आल्यावर पॅकेजची पावती आणि कार्डाचं स्टेटमेंट जपून ठेवा, आणि रिटर्नची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आपण इंजिनिअरिंगला आहोत म्हणजे फक्त बीम आणि सर्किट सोडवायचे असं नाही. घरात आलेला कागद नीट वाचून दाखवणं हेही शिक्षणच आहे. आज संध्याकाळी घरी फोन कराल तेव्हा विचारून तर बघा, कपाटात एखादी अशी पावती पडली आहे का?