लोंबी ओढून पाहावी लागते
कीड ओळखणारी वेब सेवा आणि बांधावरचा निर्णय

गेल्या खरिपाच्या अखेरीस एका संध्याकाळी, रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील घरी असताना, गोंदिया जिल्ह्यातील एका कृषी सहायकांचा दूरध्वनी आला. धान निसवले होते आणि काही बांध्यांत पांढऱ्या लोंब्या दिसू लागल्या होत्या. त्यांनी छायाचित्र काढून एका कीड-ओळख सेवेकडे पाठविले. काही सेकंदांत ‘खोडकिडा’ असे उत्तर आले.

‘‘सर, शेतकरी पंप घेऊन उभे आहेत. काय सांगू?’’

‘‘आधी पाच-दहा लोंब्या ओढून पाहा,’’ मी म्हणालो.

खोडकिड्याने आतून कुरतडलेली लोंबी ओढताच सहज उपसून येते. येथे ती आली नाही. तिच्या मानेशी काळपट तपकिरी पट्टा होता. हा मानेवरचा करपा होता. कीटकनाशक बुरशीवर निष्फळ ठरले असते. तुडतुड्यांना आवरणारे कोळी आणि मिरिड ढेकूण मात्र मारले गेले असते. शिवाय उशिरा निसवणाऱ्या शेजारच्या बांध्यांना करप्यापासून वाचविण्याची वेळही निघून गेली असती.

अशा सेवा आता आपल्या कामाचा भाग झाल्या आहेत. त्या नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांचे उत्तर कसे तयार होते, हे विस्तार कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे.

छायाचित्राचा प्रवास

मशीन लर्निंगचे मॉडेल म्हणजे हजारो छायाचित्रांवरून शिकलेल्या आकड्यांची एक फाइल. ती संशोधकाच्या संगणकात असेपर्यंत शेतकऱ्याच्या उपयोगाची नसते. ती सर्व्हरवर ठेवून, ठरावीक पद्धतीने प्रश्न घेण्याची व उत्तर देण्याची सोय केली, की तिची वेब सेवा होते. मोबाइल छायाचित्र पाठवितो. सर्व्हर ते लहान करून मॉडेलला देतो. मॉडेल त्याला माहीत असलेल्या प्रत्येक किडीला संभाव्यतेचा आकडा देते आणि सर्वांत मोठा आकडा आपल्याला उत्तर म्हणून दिसतो.

यातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, छायाचित्र लहान होणे. अनेक मॉडेले 224 × 224 बिंदूंचेच चित्र पाहतात. 60 सेंटिमीटर उंचीचा संपूर्ण चूड एका चित्रात घेतला, तर एका बिंदूत जवळपास पावणेतीन मिलिमीटर अंतर सामावते. तपकिरी तुडतुडा स्वतःच तीन-चार मिलिमीटरचा असतो. म्हणजे तो मॉडेलला जेमतेम एका ठिपक्याएवढा दिसेल. दुसरी गोष्ट, संभाव्यतेची बेरीज. अनेक मॉडेलांत ती माहीत असलेल्या पर्यायांतच एकूण शंभर टक्के केली जाते. त्यामुळे न शिकविलेली कीड समोर आली, तरी मॉडेल जवळच्या एखाद्या नावावर बोट ठेवते. ‘मला ठाऊक नाही’ हे उत्तर मुद्दाम शिकवावे लागते.

प्रयोगशाळा आणि शेत

2016 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे बोलका आहे. ‘प्लांटव्हिलेज’ संग्रहातील 54,306 छायाचित्रांवर तयार केलेल्या मॉडेलने त्याच संग्रहातील राखून ठेवलेल्या चित्रांवर 99.35 टक्के अचूकता दाखविली. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या चित्रांवर मात्र ती सुमारे 31 टक्क्यांपर्यंत घसरली. संग्रहातील पाने एकेकटी, साध्या पार्श्वभूमीवर टिपलेली होती. शेतात चिखल, सावली, दव आणि एकमेकांत गुंतलेली पाने असतात.

महाराष्ट्राला संगणकाधारित कीड सर्वेक्षण नवे नाही. 2008 मध्ये सोयाबीनवर तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा उद्रेक झाल्यानंतर 2009-10 पासून ‘क्रॉपसॅप’ सुरू झाले. तेथे निरीक्षण माणूस करतो आणि संगणक ते साठवितो. केंद्र शासनाने 15 ऑगस्ट 2024 रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीत सुरुवातीच्या टप्प्यात 61 पिके आणि 400 हून अधिक किडींचा समावेश होता; तिच्यात छायाचित्रावरून ओळखण्याचे काम यंत्राकडे आले आहे. निर्णय मात्र अजूनही आपल्याकडेच आहे.

ओळख म्हणजे शिफारस नव्हे

कीड ओळखली म्हणून फवारणी करावयाची नसते. कापसावरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री, प्रति सापळा आठ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. एका पतंगाची अचूक ओळख ही पातळी सांगत नाही, मोजणी सांगते. वाधवानी एआय या संस्थेने कापसासाठी केलेली प्रणाली सापळ्यातील पतंगांच्या छायाचित्रावरून मोजणी करून सल्ला देते, ही दिशा म्हणूनच योग्य वाटते.

विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील सवयी लावून घ्याव्यात:

• एकच दूरचे छायाचित्र न पाठविता कीड, लक्षण आणि संपूर्ण झाड अशी तीन वेगवेगळी छायाचित्रे घ्यावीत.
• उत्तरासोबत संभाव्यता दाखविली असल्यास ती वाचावी. पहिल्या दोन नावांत थोडाच फरक असेल, तर उत्तर अनिर्णित समजावे.
• लोंबी ओढणे, खोड चिरणे, चूड हलवून बुंध्याशी पाहणे, या हाताने करावयाच्या तपासण्या सोडू नयेत.
• नुकसानीची पातळी मोजल्याशिवाय फवारणीचा सल्ला देऊ नये.
• उत्तर चुकल्यास छायाचित्र, पीक, अवस्था आणि खरे निदान नोंदवून सेवा चालविणाऱ्यांना व जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला कळवावे.

शेवटची सवय सर्वांत मोलाची आहे. त्या संध्याकाळचे छायाचित्र योग्य नावासह आम्ही परत पाठविले. गोंदिया आणि छत्तीसगडच्या धानपट्ट्यात करपा, खोडकिडा, गादमाशी आणि तुडतुडे सारखेच आढळतात. एका बांधीतली दुरुस्त केलेली चूक सीमेपलीकडच्या बांधीलाही उपयोगी पडू शकते.