मूत तेच, वाटा दोन

गाय शेपटी उचलते आणि धार सोडते. साधारण दोन लिटर, तेही दिवसातून दहा-बारा वेळा. नेदरलँड्सच्या गोठ्यात ही धार फटी ठेवलेल्या काँक्रीटवर पडते आणि फटींतून खालच्या तळघरासारख्या टाकीत जाते. तिथे शेण आधीच साठलेलं असतं, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. मुतातला नायट्रोजन बहुतांश युरियाच्या रूपात असतो आणि युरिया आपणहून हवेत उडत नाही. शेणातल्या जिवाणूंकडे मात्र युरिएझ नावाचं विकर असतं. शेण-मूत एक झालं की हे विकर काही तासांतच युरियाचा अमोनिया करतं. थंडीत गोठ्याचे पडदे ओढून घेतले की नाकात चढतो तो याचा वास.

न्यूझीलंडमध्ये तीच धार कुरणावर पडते. तिथल्या बहुतेक दुभत्या गाई वर्षभर उघड्यावरच चरतात. शेण एकीकडे, मूत दुसरीकडे. दोघांची गाठ क्वचितच पडते. मूत लगेच मुरतं, त्यामुळे त्यातून अमोनिया कमी उडतो. पण ते मुरतं घमेल्यापेक्षा थोड्याच मोठ्या जागेत, आणि तेवढ्याशा जागेत नायट्रोजनचा डोस हेक्टरी सहाशे ते हजार किलोच्या हिशेबाने पडतो. एवढा घास गवताला गिळता येत नाही. काही दिवसांनी त्या कुरणाकडे पाहिलं तर गडद हिरवे, उंच वाढलेले ठिपके दिसतात. गाय कुठे कुठे मुतली याचा तो नकाशाच. उरलेल्या नायट्रोजनचं मातीतले जिवाणू नायट्रेट करतात. मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत. जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा; गवताची वाढ मंदावलेली, वरून पाऊस. नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरतं. कँटरबरीच्या हलक्या, दगडगोट्यांच्या जमिनीत तर त्याला अडवणारं फारसं काही नसतंच.

धारा काढायच्या शेडमधलं शेण-मूत धुऊन तळ्यात साठवतात आणि कुरणावर फवारतात. पण गाय शेडमध्ये असते दिवसाचे दोन-तीन तास. बाकीचा सगळा माल कुरणावर, तिच्या मर्जीने.

म्हणूनच ‘हेक्टरी किती किलो नायट्रोजन’ हा एकच आकडा शेजारीशेजारी मांडून कोणता देश शहाणा हे ठरवणं चुकीचं आहे. एकाची गळती वर जाते, दुसऱ्याची खाली. नायट्रोजन येतो तोही वेगवेगळ्या दारांनी: नेदरलँड्समध्ये बराचसा खुराकातून, त्यात दक्षिण अमेरिकेतून जहाजाने आलेलं सोयाबीन, न्यूझीलंडमध्ये क्लोव्हर या कुरणातल्या वनस्पतीच्या मुळांवरच्या गाठींतून आणि युरियाच्या गोण्यांतून.

नेदरलँड्समध्ये टाकीतलं शेण-मुताचं पातळ मिश्रण, म्हणजे स्लरी, वरून उडवून पसरायला बंदी आहे. ट्रॅक्टरमागचं यंत्र गवतात बारीक चिरा पाडतं आणि स्लरी त्यात सोडतं. कुरणावर हे काम फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतच करता येतं. अशा उपायांनी तिथला अमोनिया १९९० च्या तुलनेत निम्म्याहून खाली आला, ही खरोखर मोठी कमाई आहे. तरी ती पुरली नाही. हवेतून उतरणारा अमोनिया झुडपांच्या माळांना नको असलेलं खत देतो, मग हेदरचं झुडूप मागे पडतं आणि गवत माजतं. वेलुवेच्या जंगलात आम्लपावसाने माती आंबट झाली, गोगलगायी घटल्या, त्यांच्या शंखांतून मिळणारा चुना रामगंगा पक्ष्यांच्या कुळातल्या टिट पक्ष्यांना मिळेना, आणि त्यांच्या अंड्यांची कवचं कच्ची राहू लागली. त्या आम्लात गोठ्यांतल्या अमोनियाचाही वाटा होता. २९ मे २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नायट्रोजन सोडणाऱ्या कामांना परवाने देण्याची पद्धतच रद्द केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हजारो शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगवर धडकले.

न्यूझीलंडची चिंता पाण्याची. तौपो सरोवराच्या पाणलोटात २०११ पासून प्रत्येक शेताला नायट्रोजनची मर्यादा आहे आणि तिची शेतकऱ्यांमध्ये खरेदी-विक्रीही होते. तिथलं भूजल इतकं सावकाश वाहतं की काही दशकांपूर्वी कुरणात मुरलेलं नायट्रेट आज सरोवरात पोचतंय. जुलै २०२१ पासून देशभर चराऊ जमिनीवर कृत्रिम नायट्रोजन खताला हेक्टरी वर्षाला १९० किलोची मर्यादा आली. पण ती गोणीतल्या खतावर आहे, मुतावर नाही. मुतातला नायट्रोजन मातीत रोखून धरणारं डीसीडी हे रसायन चांगलं काम करत होतं. त्याचे अंश दुधात सापडले आणि जानेवारी २०१३ मध्ये विक्री थांबली. आता बरेच शेतकरी गवतात प्लँटेन पेरतात. आपल्या इसबगोलाच्याच कुळातली ही वनस्पती. ती खाल्ली की गाय जास्त वेळा आणि पातळ मुतते, म्हणून तोच नायट्रोजन अधिक जागेवर विखुरतो.

गंमत नव्हे, हे गंभीर आहे: दोन्ही देश आता एकमेकांच्या दिशेने चालले आहेत. नेदरलँड्समध्ये वर्षाला किमान १२० दिवस, रोज सहा तास गाई चारल्या तर त्यांचं दूध ‘कुरणाचं दूध’ म्हणून विकता येतं. गाई बाहेर पडल्या की अमोनिया घटतो, पण कुरणावर मुताचे ठिपके उमटू लागतात आणि वालुकामय जमिनीखालच्या पाण्याची धास्ती वाढते. तिकडे न्यूझीलंडमधला एखादा शेतकरी मे महिन्यात, पावसाळी हवेत, गाईंना कुरणावरून काढून लाकडाचा भुसा पसरलेल्या आवारात उभं करतो. खालचं पाणी वाचतं. भुशात शेण आणि मूत एकमेकांना भेटतात, आणि दुपारपर्यंत अमोनियाचा वास येऊ लागतो.